गोदीतला वेल्डर आणि ग्लासगोचं हसू : बिली कॉनली



राजाच्या दरबारात विदूषक असतो, बखरीत मात्र तो नसतो. इतिहासाच्या व्याख्यानमालेतही त्याला सहसा कुणी बोलावत नाही. आज आम्ही बोलावलं आहे. ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो ऐंशी ओलांडलेला, लांब पांढऱ्या केसांचा एक स्कॉटिश माणूस आहे. त्याने आयुष्यभर एकट्याने रंगमंचावर उभं राहून लोकांना हसवलं आणि मधूनमधून चित्रपटांत कामं केली. नाव बिली कॉनली. विसाव्या शतकातलं ब्रिटन कसं बदललं, तिथे कुणाला कोणत्या भाषेत आणि कशाविषयी बोलण्याची मुभा होती, आणि ती मुभा कशी रुंदावत गेली, हे समजून घ्यायला पार्लमेंटच्या कागदपत्रांइतकाच हा माणूस उपयोगी आहे, असं आमचं मत आहे.

जन्म २४ नोव्हेंबर १९४२, ग्लासगोच्या अँडरस्टन भागात, डोव्हर स्ट्रीटवरच्या एका इमारतीत. या इमारतींना तिकडे टेनेमेंट म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर गिरणगावातली चाळ आणली तरी चालेल, फक्त दगडी आणि पावसाने काळवंडलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या जमिनीवर, लिनोलियमवर आपण जन्मलो, असं तो सांगतो. युद्ध चालू होतं. वडील विमानदलात, थेट ब्रह्मदेशाकडे. आई अगदी तरुण, घरात दोन लहान मुलं, आणि वर बॉम्बफेकीची भीती. बिली चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा ती घर सोडून निघून गेली आणि दुसऱ्या माणसाबरोबर राहू लागली. बिली आणि त्याची बहीण फ्लोरेन्स वडिलांच्या दोन बहिणींकडे, पार्टिक भागात, वाढली.

या दोन आत्यांपैकी एक, मोना, त्याला मारायची. साधं मारणं नव्हे. पोराच्या मनात ‘मी कुचकामी आहे’ हे वाक्य कोरलं जाईल असं रोजचं मारणं आणि पाणउतारा. शाळेतही चामड्याचा पट्टा होताच. वडील युद्धावरून परत आले ते अबोल होऊन. आणि पुढे, बिली दहा वर्षांचा असल्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत, त्या वडिलांनीच त्याचं लैंगिक शोषण केलं. हे जगाला कळलं २००१ साली, त्याची पत्नी पामेला स्टीव्हन्सन हिने लिहिलेल्या चरित्रातून. तोवर वडील वारलेले होते. आम्ही हे मुद्दाम आरंभीच सांगतो आहोत, कारण विनोदी माणसाचं बालपण दुःखी असलं की लोक लगेच ‘दुःखातून विनोद फुलला’ असं म्हणून मोकळे होतात. तसं काही आपोआप फुलत नाही. त्याच चाळींतून मार खाल्लेली हजारो पोरं बाहेर पडली. त्यांतली कित्येक दारूत गेली, कित्येकांनी आपल्या पोरांना मारलं. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की याला वेगळी वाट कुठे सापडली?

ती सापडली गोदीत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, इकडेतिकडे पोऱ्याची कामं झाली, आणि मग क्लाइड नदीच्या काठी लिंटहाउस इथल्या स्टीव्हन यांच्या जहाज कारखान्यात तो वेल्डरच्या उमेदवारीला लागला. एके काळी जगातल्या जहाजांचा फार मोठा वाटा या नदीवर बांधला जाई, ‘क्लाइडवर बांधलेलं’ हे शब्द म्हणजे हमीच. पन्नाशीच्या अखेरीस तो दिमाख उतरणीला लागला होता, पण कामगार होते. थंडी, लोखंड, ठिणग्या, कानठळ्या बसवणारा आवाज. आणि या सगळ्यात न थांबणारं बोलणं. त्याला ग्लासगोकर ‘पॅटर’ म्हणतात. पॅटर म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. समोरच्याची टोपी उडवायची, त्याने तुमची उडवायची, आणि दोघांपैकी कुणीही चिडायचं नाही. चिडला तो हरला. आपण पाहिलेले सर्वांत विनोदी लोक गोदीतच होते, हे कॉनलीने वारंवार सांगितलं आहे. आत्याच्या घरात शब्द चाबकासारखा यायचा, इथे तोच शब्द चेंडूसारखा येत होता आणि परत फेकता येत होता. तुमच्या लक्षात येईल, हा फरक लहान नाही.

उमेदवारी संपली. मध्यंतरी तो हौशी सैन्यदलात जाऊन छत्रीधारी सैनिकाचं शिक्षणही घेऊन आला, काही आठवडे नायजेरियात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग करून आला. मन मात्र बॅन्जोत अडकलेलं होतं. १९६५च्या सुमारास टॅम हार्वी या गिटारवाल्याबरोबर त्याने ‘हंबलबम्स’ नावाची जोडी जमवली. १९६९ मध्ये जेरी रॅफर्टी त्यांना येऊन मिळाला. हा रॅफर्टी पुढे जगभर गाजला. त्याची गाणी हळवी, घोटून केलेली. आणि दोन गाण्यांच्या मध्ये हा दाढीवाला बोलायला लागायचा. वाद्य जुळवायला लागणारा एक मिनिट भरून काढायचा म्हणून बोलायचा, पण तो मिनिट पाचाचा होई, पाचाचे पंधरा होत. १९७१ मध्ये जोडी फुटली. आता गाणी राहिली बाजूला आणि ‘मधलं बोलणं’ हाच कार्यक्रम झाला.

इथे जरा थांबायला हवं. ब्रिटनमध्ये एकट्याने विनोद सांगण्याची परंपरा जुनी आहे. ती म्युझिक हॉलमधून आली, तिथून कामगारांच्या क्लबांत गेली. त्या क्लबात लोक पीत असतात, बोलत असतात, कुणीतरी बिंगोची वाट पाहत असतं. विनोदवीराला डिनरजाकीट घालून, घाईघाईने, तयार चुटके फेकावे लागत. चुटका कुणाचाही असू शकतो, आज याने सांगितला, उद्या त्याने. चुटक्यात एक आयरिश मूर्ख असतो, एक सासू असते, आणि १९७०च्या सुमारास एक काळा किंवा पाकिस्तानी शेजारी असतो. १९७१ साली ग्रॅनाडा टेलिव्हिजनने ‘द कॉमेडियन्स’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात हेच सगळे एकामागून एक येत.

फोक क्लबची गोष्ट निराळी. पबच्या वरच्या किंवा मागच्या खोलीत, पंचवीस-पन्नास माणसं, आणि ती ऐकायला आलेली असत. गाणं कुठून आलं, कुणी म्हटलं, त्यामागची हकीकत काय, हे गायकाने सांगावं अशी तिथे अपेक्षाच असे. म्हणजे श्रोता गोष्टीसाठी तयार बसलेला. घाई नाही. शिवाय त्या चळवळीचा आग्रहच असा की आपल्या गावचं, आपल्या बोलीतलं, आपल्या कामाचं गा. कॉनलीने हे सगळं उचललं आणि त्यातून गाणं वगळलं, एवढंच. त्याच सुमारास बर्मिंगहॅमचा जॅस्पर कॅरट, मँचेस्टरकडचा माइक हार्डिंग, वेल्सचा मॅक्स बॉइस हेही याच वाटेने आले. लंडनमध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झालं ते १९७९ साली, आणि तिथल्या तरुणांनी ‘नवी कॉमेडी’ आणली असं पाठ्यपुस्तकी इतिहास सांगतो. आमच्या मते खरा सांधा त्याआधी पाच-सात वर्षं, उत्तरेकडच्या या फोक क्लबांत बदलला. स्टँड-अप ही चुटक्यांची कला होती, ती अनुभव सांगण्याची कला झाली. चुटका उसना घेता येतो, बालपण कसं उसनं घेणार?

त्याच काळात क्लाइडवर एक मोठी घटना घडली. ‘अपर क्लाइड शिपबिल्डर्स’ ही कंपनी जून १९७१ मध्ये बुडाली. एडवर्ड हीथ यांचं सरकार मदत द्यायला तयार नव्हतं. कामगारांनी संप केला नाही. त्यांनी उलटंच केलं, कारखाने ताब्यात घेऊन काम चालू ठेवलं. पुढारी जिमी रीड आणि जिमी एअरली. रीडने कामगारांना बजावलं होतं की दंगामस्ती नको, दारू नको, जग आपल्याकडे बघतं आहे. फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारला नमतं घ्यावं लागलं. ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी या रीडला रेक्टर निवडून दिलं होतं. त्याने १९७२ साली तिथे परात्मतेवर, म्हणजे माणूस आपल्याच श्रमापासून आणि समाजापासून तुटत जातो त्यावर, जे भाषण केलं ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपूर्ण छापलं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही परात्मता शिकवली ती जर्मन ग्रंथांतून. गोदीतल्या फिटरने ती स्वतःच्या हातांवरून सांगितली होती. या लढ्यावर कवी टॉम ब्युकन आणि कॉनली यांनी मिळून एक संगीत प्रहसन लिहिलं, ‘द ग्रेट नॉर्दर्न वेली बूट शो’. जहाजांच्या जागी गमबूट, बाकी सगळं तेच. १९७२च्या एडिंबरा महोत्सवात ते गाजलं. गमबुटांचं गाणं पुढे कित्येक वर्षं त्याच्या गळ्यात पडलं.

मग आला तो मजकूर ज्याने तो स्कॉटलंडमध्ये घरोघरी पोचला. १९७४च्या ध्वनिमुद्रिकेत त्याने सांगितलं की बायबलात छपाईची एक चूक झालेली आहे. ते ‘गॅलिली’ नव्हे, ‘गॅलोगेट’. गॅलोगेट हा ग्लासगोच्या पूर्वेकडचा जुना रस्ता, आणि शेवटचं भोजन झालं ते तिथल्या ‘सॅरसेन हेड’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात. प्रेषित म्हणजे शनिवारी पगार हातात पडलेली गोदीतली मंडळी. दार उघडतं आणि दमूनभागून ‘बिग यिन’ आत येतो. बिग यिन म्हणजे ‘मोठा’, आपण ‘आमचे थोरले’ म्हणू तसं. तो येशू. दिवसभर चमत्कार करून कंटाळलेला. पुढे हेच नाव लोकांनी कॉनलीला चिकटवलं.

हे हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. ग्लासगो हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन तटांत चिरलेलं शहर. शाळा वेगळ्या, फुटबॉलचे संघ वेगळे, काही धंद्यांत नोकऱ्याही वेगळ्या. कॉनली कॅथलिक घरातला. जॅक ग्लास नावाचा एक कडवा प्रोटेस्टंट पाद्री त्याच्या कार्यक्रमांच्या बाहेर वर्षानुवर्षं निदर्शनं करत राहिला. आणि स्कॉटलंडचा इतिहास पाहा. १६९७ साली टॉमस एकनहेड नावाच्या एडिंबरा विद्यापीठातल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेबद्दल फासावर दिलं होतं. मित्रांमध्ये बसून तो धर्मग्रंथांची थट्टा करायचा, एवढाच त्याचा गुन्हा. ब्रिटनमध्ये ईश्वरनिंदेसाठी फाशी गेलेला तो शेवटचा माणूस. इंग्लंडमध्ये १९७७ सालीसुद्धा ‘गे न्यूज’ या पत्राच्या संपादकाला याच कायद्याखाली शिक्षा झाली. स्कॉटलंडने हा गुन्हा कायद्यातून काढून टाकला तो अलीकडे, २०२१ साली. नाटकांवरची लॉर्ड चेंबरलेनची सेन्सॉरशिप १९६८ मध्ये उठलेली होती. म्हणजे गॅलोगेटचा येशू हा एका अरुंद फटीतून आत आला. आणि गंमत अशी की मन लावून ऐकलं तर त्यात येशूची निंदा फारशी नाहीच. दिवसभर लोकांच्या मागण्या पुरवून थकलेला, मित्रांवर वैतागणारा तो माणूस ऐकणाऱ्याला आवडूनच जातो.

आता भाषेकडे येऊ. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये मोठे विचारवंत झाले आणि त्यांतला सर्वांत मोठा डेव्हिड ह्यूम. हा निर्भय माणूस. कार्यकारणभावाला त्याने हादरे दिले, चमत्कारांना दिले. पण स्वतःच्या बोलीची त्याला लाज वाटे. १७५२ साली त्याने आपल्या निबंधांना स्कॉटिश शब्दप्रयोगांची एक यादी जोडली, हे शब्द लिहिताना टाळावेत म्हणून! ह्यूम मरताना आपल्या पापांची नव्हे तर आपल्या स्कॉटिश शब्दांची कबुली देत गेला, अशी थट्टा त्या काळी होत असे. देवाला न घाबरणारा माणूस लंडनच्या व्याकरणाला घाबरत होता. पुढची दोनशे वर्षं स्कॉटलंडमधल्या शाळांनी तेच केलं. घरचा शब्द वर्गात उच्चारला की पट्टा. आणि मग १९७५ साली बीबीसीवर, शनिवारी रात्री, मायकेल पार्किन्सनच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात एक लांब केसांचा वेल्डर येऊन बसतो आणि घरच्याच शब्दांत बोलतो.

पार्किन्सन सांगत असे की ग्लासगोच्या एका टॅक्सीवाल्याने आपल्याला या माणसाचं नाव सुचवलं. त्या मुलाखतीत कॉनलीने एक चुटका सांगितला. एक इसम मित्राला सांगतो की मी बायकोचा खून केला आणि पुरली. दाखवायला घेऊन जातो, तर तिचा पार्श्वभाग जमिनीच्या वर. ‘हा का ठेवलास?’ तर म्हणे, सायकल लावायला जागा हवी होती. सांगू नकोस असं व्यवस्थापकाने बजावलं होतं, तरी त्याने सांगितला. प्रेक्षक कोसळले आणि एका रात्रीत हा माणूस देशभर झाला. आज हा चुटका ऐकताना कपाळाला आठी पडते आणि ती पडायलाच हवी. सासू-बायकोवरच्या जुन्या क्लबी विनोदांचंच हे भावंड आहे. म्हणजे ज्या कारखान्यातून कॉनली बाहेर पडत होता त्याच कारखान्यातल्या मालावर त्याला दिल्लीदरवाजा उघडून मिळाला. इतिहास असा सरळ रेषेत चालत नसतो. पुढे या कार्यक्रमात तो पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याच वर्षी एका अमेरिकन गाण्याचं त्याने केलेलं विडंबन ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि एडमंड स्मिथ नावाच्या कारागिराने त्याच्यासाठी केळ्याच्या आकाराचे मोठे पिवळे बूट केले. ते बूट पुढे ग्लासगोच्या ‘पीपल्स पॅलेस’ संग्रहालयात ठेवले गेले. तोफा आणि तलवारींपेक्षा संग्रहालयाला ते अधिक शोभतात, असं आम्हाला वाटतं.

आता आमच्या विषयातलं थोडं, त्याशिवाय तुम्ही आम्हाला सोडणार नाही. माणूस का हसतो? टॉमस हॉब्जचं सतराव्या शतकातलं उत्तर असं की दुसऱ्याचं न्यून दिसलं की आपल्याला आपल्या मोठेपणाचा अचानक साक्षात्कार होतो, आणि तो साक्षात्कार म्हणजे हसू. या मताला फ्रान्सिस हचेसनने १७२५ मध्ये उत्तर दिलं. हा हचेसन पुढे ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, ॲडम स्मिथ त्याचा विद्यार्थी. लॅटिन सोडून इंग्रजीत व्याख्यानं देणाऱ्या पहिल्यांपैकी तो एक. जुनं विद्यापीठ तेव्हा हाय स्ट्रीटवर होतं, म्हणजे गॅलोगेटपासून चालत काही मिनिटांवर. हचेसन हॉब्जला विचारतो, तुझं खरं असेल तर मन उदास झालं की आपण रुग्णालयात जाऊन बसायला हवं, तिथे आपल्याहून दीनवाणे लोक कितीतरी, दुपार हसण्यात जाईल! तसं कुणी करत नाही. हसू येतं ते दोन विजोड गोष्टी एकत्र आल्यामुळे, उदात्त आणि क्षुद्र एका बाकावर बसल्यामुळे. प्रेषित आणि बिअरचा ग्लास. आणि असं हसू माणसांना जोडतं, असं त्याचं म्हणणं.

कॉनलीचे कार्यक्रम बघताना आम्हाला हा वाद जिवंत झालेला दिसतो. दोन तास, कधी त्याहून अधिक, मध्यंतराशिवाय. लिहून आणलेलं भाषण नाही, फार तर कागदावर चार शब्द. गोष्ट सुरू होते, तिला फाटा फुटतो, फाट्याला फाटा फुटतो, मूळ गोष्ट विसरली असं वाटतं आणि चाळीस मिनिटांनी ती परत येते. आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाच हसू फुटतं, डोळ्यांत पाणी येतं, बोलता येत नाही. जुन्या विनोदवीरांना हा गुन्हा वाटे, चेहरा दगडी ठेवायचा असा त्यांचा नियम. त्याचा आदर्श असलेला चिक मरी हा याच बाबतीत त्याच्या नेमका उलट, अगदी निर्विकार. पण कॉनली आपण सांगत असलेल्या माणसांवर वरून हसत नाही, त्या माणसांबरोबर तो तिथे बसलेला असतो. मारकुट्या आत्याचं घरही तो प्रेक्षकांसमोर आणतो, सगळ्या चुलतभावंडांना एका पलंगावर ओव्हरकोट पांघरून झोपवतो, आणि हसता हसता लोकांना आपापल्या आत्या आठवतात. ज्याने मार खाल्ला त्याला हॉब्जचं हसू किती सोपं होतं! सूड म्हणून हसायचं. त्याने बहुतेक वेळा ते टाळलं.

बहुतेक वेळा. २००४च्या ऑक्टोबरमध्ये केन बिग्ली नावाचा ब्रिटिश अभियंता इराकमध्ये ओलीस होता, त्याच्या जिवाची भीक मागणारी चित्रफीत सगळीकडे दाखवली जात होती. लंडनच्या हॅमरस्मिथ इथल्या कार्यक्रमात कॉनली त्यावर काहीतरी बोलला. वर्तमानपत्रांनी छापलं त्याचा अर्थ असा, की हे एकदाचं संपवून टाका असं आपल्या सगळ्यांच्याच मनात येत नाही का? काही प्रेक्षकांनी हुर्यो केली. थोड्याच दिवसांत बिग्लीची हत्या झाली. आपलं बोलणं चुकीचं छापलं, संदर्भाशिवाय त्याला अर्थ नाही, असं कॉनली म्हणाला, पण नेमके शब्द काय होते ते त्याने सांगायला नकार दिला. त्याची बाजू घेणारे म्हणतात की बातम्या बघणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या अधीरपणावर त्याने बोट ठेवलं. असेलही. पण हचेसनचं रुग्णालय आठवा. माणूस अजून जिवंत होता, त्याचं कुटुंब दाराकडे डोळे लावून होतं. तिथे विसंगती नव्हती, वेदना होती. आमच्या मते तो तिथे घसरला, आणि जाहीरपणे तसं म्हणाला असता तर त्याचं काही कमी झालं नसतं.

सत्तरी-ऐंशीच्या दशकांचं बाकी सगळं इथे सांगत बसत नाही. १९७६ साली अमेरिकेत एल्टन जॉनच्या दौऱ्यात त्याला हुर्यो मिळाली. दारू वाढली, पहिलं लग्न मोडलं. १९८५च्या अखेरीस त्याने दारू कायमची सोडली, आणि १९८९ मध्ये पामेला स्टीव्हन्सनशी लग्न केलं. ही बाई स्वतः गाजलेली विनोदी अभिनेत्री, पुढे मानसशास्त्रज्ञ झाली. ज्या गोष्टीला तो रंगमंचावर वळसा घालत होता ती शेवटी तिने लिहिली, हे आधी सांगितलंच.

नट म्हणून त्याच्याविषयी मतं वेगवेगळी आहेत. आमचं विचाराल तर दहातले सात चित्रपट विसरले तरी चालतील. उरलेले विसरू नयेत. १९७५ सालचं पीटर मॅकडूगल याचं दूरचित्रवाणी नाटक ‘जस्ट अनदर सॅटर्डे’, ग्लासगोतल्या प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकीवरचं, त्यात हा कॅथलिक पोरगा काम करतो. आणि १९९७ चा ‘मिसेस ब्राउन’. पती गेल्यावर शोकात बुडालेली व्हिक्टोरिया राणी, आणि तिला घोड्यावर बसवून बाहेर काढणारा तिचा हायलँडर नोकर जॉन ब्राउन. राणी जूडी डेंच, ब्राउन कॉनली. हा नोकर राणीशी साध्या माणसासारखा बोलतो आणि दरबार हबकतो. बीबीसीसाठी केलेली ही छोटी फिल्म चित्रपटगृहांत गेली आणि कॉनलीला ब्रिटिश अकादमीचं नामांकन मिळालं. त्यात तो एकही विनोद करत नाही. दोन तास लोकांना धरून ठेवणारा माणूस इथे गप्प उभा राहतो, घोड्याचा लगाम धरून, आणि तरी नजर त्याच्यावरच जाते. जूडी डेंचने वीस वर्षांनी ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ मध्ये पुन्हा तीच राणी केली, तेव्हा जॉन ब्राउनच्या जागेवर आग्र्याचा अब्दुल करीम होता.

नोकराची भूमिका केली खरी, पण गावाकडे लोक कुरकुरत होते की हा आता राजवाड्यातलाच झाला. राजघराण्यात त्याचे मित्र होते, बॅल्मोरलपासून फार दूर नसलेली एक हवेली त्याने घेतली होती. १९९९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली तेव्हा त्याने तिची ‘लुटुपुटुची’ म्हणून टिंगल केली, आणि राष्ट्रवादी मंडळी दुखावली. २०१७ मध्ये नाइटहूड घेतलं तेव्हा पुन्हा तेच. गोदीतला पोरगा ‘सर’ झाला. पण ज्या गोदीशी त्याने इमान राखायचं ती गोदी उरली होती कुठे? स्टीव्हनचा कारखाना १९६८ मध्येच बंद पडला होता, डोव्हर स्ट्रीटचं अँडरस्टन मोटरवेसाठी उद्ध्वस्त केलं गेलं. शहरानेही काही मनात ठेवलं नाही. २०१० मध्ये त्याला ग्लासगोचं मानद नागरिकत्व दिलं आणि पंच्याहत्तरीला तीन भिंतींवर त्याची प्रचंड चित्रं रंगवली. त्यांतल्या एकाचा चित्रकार जॉन बर्न, गमबुटांच्या प्रहसनाचं नेपथ्य करणारा.

२०१३ मध्ये एकाच वेळी दोन निदानं झाली. प्रोस्टेटचा कर्करोग आणि पार्किन्सन्स. पहिल्यावर शस्त्रक्रिया झाली, दुसरा आजार राहिला. ज्या नावाच्या माणसाने त्याला देशासमोर आणलं त्याच नावाचा हा आजार. असला योगायोग एखाद्या कादंबरीत घातला तर संपादक तो काढून टाकेल. त्यानंतरही तो दौऱ्यावर निघाला. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच तो आजाराविषयी सरळ बोले, हात का थरथरतो, पाय का अडखळतो, म्हणजे प्रेक्षकांनी पुढचे दोन तास त्याच्या हाताकडे बघत बसू नये. गोष्टी त्याच, फाटे तेच, फक्त पूर्वी सगळा रंगमंच फिरणारा माणूस आता एका जागी उभा होता. मध्येच एखादा शब्द हरवायचा, मग त्या हरवण्याचीच गोष्ट व्हायची.

२०१८ मध्ये त्याने रंगमंच थांबवल्याचं जाहीर केलं. बॅन्जो वाजवता येत नाही, याचं त्याला वाईट वाटतं. २०२१ साली त्याचं आत्मचरित्र आलं. फ्लोरिडात राहतो, जमेल तेव्हा मासे धरतो, आणि चित्रं काढतो. ही चित्रकला त्याने पासष्टीच्या आसपास सुरू केली, माँट्रियलमध्ये पाऊस पडत होता म्हणून एका दुकानात शिरून पेनं विकत घेतली तेव्हापासून. साध्या काळ्या रेघांची माणसं असतात ती. काढायला घेताना काय काढायचं हे ठरलेलं नसतं, असं तो सांगतो, रेघ ओढत जायची आणि काय निघतं ते पाहायचं.

इथे आम्ही थांबतो. पंधरा-वीस मिनिटं आहेत, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारावं. हॉब्जची बाजू कुणी घेणार असेल तर आधी हात वर करा.